दिनकर, तुझी मधली गाडी

दिनकर, तू गेल्यापासून मला रडू आलेलं नाही. नुसता राग येतोय. माणसं भेटायला येतात, हात हातात घेतात, चांगला माणूस गेला म्हणतात, आणि निघताना शेडच्या कोपऱ्याकडं मान वळवून हळूच विचारतात, त्या बेडकाचं आता काय करणार? बेडूक म्हणजे तुझी गाडी. तू असतास तर विचारणाऱ्याला दंडाला धरून गाडीपुढं नेलं असतंस. खाली झुकलेलं नाक, चढत गेलेली पाठ, मागं निमुळता होत गेलेला उतार, सगळं बोटानं हवेत काढून दाखवलं असतंस आणि तो 'मुंगूस' म्हणेपर्यंत त्याला सोडलं नसतंस. मी नुसता "बघू" म्हणतो. माझ्यात तेवढा दम नाही. आणि मलाही तिच्यात मुंगूस कधी दिसलं नाही, हे तुझ्या तोंडावर हजार वेळा सांगून झालंय.

कुणालाच दिसलं नाही रे. आष्ट्याच्या बाजारात तिला बेडूक ठरवलं, तेच नाव चिकटलं. जतच्या बाजूला फिरवून आणली तेव्हा तिथला एक मेंढपाळ तिला डुक्कर म्हणाला. तुझ्या आईनं तोंडाला पदर लावून उंदीर म्हटलं, त्यावर तू रुसून तिच्याशी जेवताना बोलला नाहीस. चांगला पस्तिशीतला माणूस. सुनंदावहिनी मला म्हणाल्या होत्या की यांचं लग्न माझ्याशी झालंय का त्या गाडीशी, ते एकदा विचारून सांगा. मी विचारलं नाही. उत्तर माहीत होतं.

सांगलीच्या कॉलेजात आपण एका बाकावर बसलो. तिथून मी कुपवाडला माझ्या वडिलांच्या, दादांच्या शेडमध्ये आलो, ट्रकच्या बॉड्या बांधायला. तू पुण्याला एका वाहनाच्या कारखान्यात ड्रॉइंगच्या टेबलावर गेलास. दिवाळीला भेटायचो तेवढंच. मग त्या वर्षी तुझ्या वडिलांना, आबांना, गावी गोठ्यात बैलानं ढकललं आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. वडूजहून भाड्याची कार आली, ती ओढ्याच्या अलीकडंच थांबली. तळ घासंल म्हणून ड्रायव्हरनं पुढं घालायचं नाकारलं. शेवटी जीप आणली. त्या जीपमधून, तुझ्या मांडीवर डोकं ठेवून, आबा साताऱ्यापर्यंत गेले. पलटणीत सुभेदार होऊन आलेला माणूस प्रत्येक खड्ड्याला ओरडत होता, आणि कोरेगाव यायच्या सुमारास ओरडायचा थांबला, तेव्हा तू जास्त घाबरलास. हे तू मला एकदाच सांगितलंस, शेडमध्ये एका ट्रकच्या पायरीवर बसून. त्यानंतर त्या प्रवासाबद्दल बोलायचास ते फक्त इंजिनिअरच्या भाषेत. जमिनीपासूनची उंची, स्प्रिंगच्या पाट्यांचा ताठरपणा, दोन चाकांमधलं अंतर. आबांचं नाव त्यात पुन्हा आलं नाही.

"ओढा ओलांडंल अशी कार न्हाई, आनि म्हाताऱ्या माणसाला नेता येईल अशी जीप न्हाई," तू म्हणालास. "मधलं कायच न्हाई, विल्या. आपन मधलं करू."

मी बरं म्हणालो. दुसऱ्या महिन्यात तू नोकरी सोडून आलास. माझं 'बरं' एवढं गंभीरपणे घ्यायचं नसतं, हे कॉलेजपासून तुला ठाऊक होतं, तरी आलास. वहिनींनी सांगलीच्या शाळेत नोकरी धरली आणि घर त्यांच्यावर टाकून तू माझ्या शेडचा एक कोपरा धरलास.

मुंगसाची भानगड मला नंतर कळली. वडूजच्या रस्त्याला संध्याकाळी एक मुंगूस तुझ्या मोटरसायकलपुढून आडवं गेलं. रस्त्यात चाकोरीचा खोल चर होता. ते त्या चरावरून असं गेलं म्हणे, की पोट टेकलं नाही आणि डोकं जागचं हललं नाही. तू तिथंच गाडी लावून रस्त्याच्या कडेला बसलास, ते परत येतंय का बघत. नंतर दादांच्या टेबलावर शाडूच्या मातीत त्याची पाठ करायला लागलास. दादांनी विचारलं, यंदा गणपती लवकर आलेत काय. तू मान वर न करता म्हणालास, गणपती न्हाई, गाडी हाय. दादा माझ्याकडं बघून बाहेर गेले. त्यांनी नंतर कधी आडकाठी केली नाही, पण तुझ्या कोपऱ्यातून जाताना ते चपला वाजवत जायचे, एवढं मात्र खरं.

तुझ्याशी काम करणं म्हणजे रोज भांडणं. जुन्या जीपची चासी, म्हणजे खालचा सगळा सांगाडा, माझी, ती मी आनंदानं दिली. तिचे पाटे काढून तू लांब आणि पातळ पाटे बसवलेस, इंजिन मागं सरकवलंस, तेही कळलं. पण वर पत्रा नको, फायबरच हवं, आणि त्या फायबरच्या छताखाली एक पाइप घालायचा नाही, यावर आपण किती दिवस घालवले. फायबर एवढं लांब ताणलं की खड्ड्यात थरथरणार, हे मला बॉडी बांधणारा म्हणून दिसत होतं. तू मळ्यातून केळीचं पान आणलंस आणि एका टोकाला धरून माझ्यापुढं उभा राहिलास. एवढं पातळ, एवढं लांब, आणि बघ कसं ताठ राहतंय, मधल्या दांड्याच्या जिवावर. छताला मधोमध असाच दांडा द्यायचा आणि दोन्हीकडं शिरा काढायच्या, पाइप कशाला. मी म्हणालो, वारा सुटला की केळीच्या पानाच्या चिंध्या होतात, हे तू कधी बघितलं नाहीस का? तू पान टेबलावर आपटून निघून गेलास. सकाळी येऊन साच्यात तोच दांडा आणि त्याच शिरा घालायला लागलास, जणू माझं बोलणं झालंच नव्हतं.

छत टिकलं, दिनकर. खड्ड्यात थरथरलं नाही. हे मी तुला सांगितलं होतं, पण तू ते ऐकून नुसता 'मग' म्हणालास. 'मग' म्हणायची ती तुझी पद्धत. माझ्या डोक्यात तिडीक जायची.

पण खरी भांडणाची गोष्ट ती नव्हे. ती अजून मिटलेली नाही आणि आता मिटणारही नाही.

एका मोठ्या कारखान्याची माणसं गाडी बघायला आली, ती माझ्या ओळखीतून आली होती. एका ट्रकवाल्यानं कुणाला सांगितलं, त्यानं आणखी कुणाला, असं करत करत. मी शेड झाडून घेतली. वहिनी शाळेतून रजा घेऊन आल्या, त्यांनी पोहे केले. त्यांच्यातल्या मुख्य साहेबांनी स्वतः गाडी चालवली, माधवनगरच्या पुढच्या कच्च्या रस्त्याला घातली, आणि परत आल्यावर उतरून गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले की बसायला कार आहे आणि जायला जीप आहे. मी तुझ्याकडं बघितलं. एवढ्या वर्षांत कुणीतरी बाहेरच्या माणसानं तुझं वाक्य तुला परत दिलं होतं. तुझा चेहरा दगडासारखा. मग त्यांनी अटी सांगितल्या. हे बाक काढून टाकायचे, सरळ पत्र्याची बॉडी करायची, मागं खिडक्या नकोत. चाकं, पाटे आणि खालचं सगळं घेऊ, वर खोका बसवू. खेडोपाडी माल पोचवायला अशी गाडी हवीच आहे.

तू विचारलंस, "मग म्हातारी मानसं कुठं बसवायची?"

ते सौजन्यानं हसले. त्यांना वाटलं तू विनोद केलास. तू म्हणालास, मग जमणार नाही. उठलास, हात धुतलेस आणि फायबरला पॉलिशपेपर मारायला लागलास. पोहे तसेच राहिले.

मला एका शब्दानं विचारलं नाहीस. शेड माझी, चासी माझी, घाम दोघांचा. "विचार करून कळवतो" एवढं म्हणायला काय जात होतं? त्यांना गेटपर्यंत सोडून मी परत आलो तो तुझ्यावर तुटूनच पडलो. तू पेपर मारायचा थांबला नाहीस.

"खोकाच करायचा आसता तर म्या पुनं सोडलं नसतं, गड्या."

"खोका तरी रस्त्यावर आला असता," मी म्हणालो. "तुझं मुंगूस माझ्या शेडमध्ये मरणार आहे."

त्यानंतर तू कित्येक आठवडे आला नाहीस. मीही आलो नाही तुझ्याकडं. वहिनी बाजारात भेटल्या की दोघंही गाडीचा विषय टाळायचो, त्यामुळं बोलायला काहीच उरायचं नाही. मग एके सकाळी तू भाकरीचा डबा घेऊन आलास, माझ्या शेजारी बसलास आणि खिडकीच्या काचेचं रबर कुठं मिळंल ते विचारलंस. मी मिरजेतल्या दुकानाचं नाव सांगितलं. झालं. तेवढ्यावर दोस्ती पुन्हा सुरू. पण 'तुला विचारायला पायजे होतं' हे वाक्य मी त्या दिवसापासून ऐकायची वाट बघत होतो. तू बरोबर होतास का मी, हे मला आजही कळत नाही. तो खोका झाला असता तर आज वडूजच्या रस्त्याला आपल्या पाट्यांवरून माल जात असता. आणि तुझ्या आबांना पुन्हा जीपमधूनच न्यावं लागलं असतं. दोन्ही खरं आहे. तू मला फक्त विचारायला हवं होतंस.

आबांना आपण नेलं तो दिवस मात्र तुझ्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही. खुब्याची तपासणी होती साताऱ्याला. मागचं दार अजून ठरलं नव्हतं, म्हणून तिथं ताडपत्री बांधली होती. आबांना तू मागच्या बाकावर आडवं निजवलंस, उशाला तुझ्या आईनं दिलेली वाकळ. ते निजायला तयार नव्हते, बसूनच येतो म्हणत होते. तू चालवत होतास, मी शेजारी. ओढा आला. तू वेग कमी केलास, पाण्यात घातलीस आणि वर काढलीस. मी मागं वळून बघितलं, आबा छताच्या शिरांकडं बघत पडले होते. पुसेगाव गेलं. पुढं रस्ता उखडलेला होता, तिथं मी पुन्हा मागं बघितलं. आबा झोपले होते. तोंड उघडं, एक हात बाकाखाली लोंबतोय, गाढ झोप. मी तुला कोपरानं ढोसलं. तू आरशात बघितलंस. मला वाटलं आता तू काहीतरी बोलशील, निदान गाडी कडेला घेशील. तू म्हणालास, डाव्या खिडकीतनं वाऱ्याची शिट्टी येती बघ, ते रबर बदलाय पायजे.

रबर. बाप झोपलाय मागं, त्याच रस्त्यावर, आणि हा रबराचं बोलतोय. मी तेव्हा चिडलो आणि खिडकीबाहेर बघत बसलो. साताऱ्यात दवाखान्याच्या आवारात आबांना उतरवल्यावर तू रिकाम्या बाकावरची वाकळ घडी घालून पुन्हा उलगडत होतास, पुन्हा घडी घालत होतास, ते मला दिसलं. तेव्हा कळलं की तू का रबराचं बोललास.

आणि मग ती कावीळ. यावर मी तुला कधीच माफ करणार नाही.

शेडच्या गेटात उन्हात उभा होतास तेव्हा मी तुझे डोळे बघितले. पिवळेधमक. तू म्हणालास, थिनरचा वास लागलाय. वहिनींनी हात जोडले, मिरजेला चला म्हणाल्या. मी म्हणालो, मी नेतो, आत्ता, ह्याच गाडीतून नेतो. तुझं ठरलेलं होतं. कुठल्याशा गावात एक जण झाडपाल्याचा रस द्यायचा, अनशेपोटी, आणि नाकात थेंब. तुझ्या चुलत्याला त्यानं बरं केलं होतं म्हणे. एक पाटा बदलायचा तर कोल्हापूरपर्यंत चौकशी करणारा माणूस तू. प्रत्येक बोल्टला हा इथंच का, असं विचारणारा. आणि स्वतःच्या शरीराला एक प्रश्न नाही. मी तेच बोललो, ओरडून बोललो. तू हसलास.

"पाल्यावर माझा तुझ्यापेक्षा जास्त इस्वास हाय, विल्या. छत टिकलं का न्हाई?"

त्या विनोदावर मी हसलो. राग त्याचा येतो.

मिरजेच्या दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता, डॉक्टरांनी वहिनींना बाजूला घेऊन तसं सांगितलं. तू अधूनमधून भलतंच बोलत होतास, पण त्या दुपारी चांगला शुद्धीवर होतास. मी खुर्ची ओढून बसलो. माझ्या मनात पुष्कळ होतं. मला सांगायचं होतं की तू आला नसतास तर माझा सगळा जन्म ट्रकचे फाळके ठोकण्यात गेला असता आणि मला त्याचं काही वाटलंही नसतं. सकाळी शेडचं कुलूप काढताना आज काय नवीन, असं मला फक्त त्या वर्षांत वाटलं. हे सगळं मनात जुळवत होतो, तेवढ्यात तू दाराचं काढलंस.

मागचं दार बाजूला उघडायचं की वर, हा आपला शेवटचा वाद. तुझं म्हणणं बाजूला. आबांच्या एका हातात काठी असते, वर ढकलायचं दार त्यांना पेलणार नाही. माझं म्हणणं वर. बाजूच्या बिजागरीवर एवढं मोठं फायबरचं दार लटकत ठेवलं तर वर्षात खाली झुकणार, आणि वर उघडलं तर उन्हापावसात माणसाला उतरताना डोक्यावर छप्पर होतं. मी तेच पुन्हा सांगितलं. तू उशीवरून मान हलवलीस. मी आवाज चढवला. नर्सनं येऊन दोघांनाही दटावलं. मी म्हणालो, उद्या बोलू. उद्या तू कुणालाच ओळखत नव्हतास.

आपलं शेवटचं बोलणं बिजागरीवर झालं, दिनकर. लोक विचारतात, शेवटी काय म्हणाले? मी सांगतो, काही नाही, शांत होते.

परवा चहाच्या टपरीवर एकानं पेपर पुढं केला. परदेशातल्या कुठल्याशा मोटारींच्या प्रदर्शनाचा फोटो. उंच चाकांची, गोल पाठीची एक गाडी, जीपही नाही, कारही नाही. ती कुठल्या पानावरून की प्राण्यावरून सुचली असंही खाली लिहिलं होतं. तो म्हणाला, तुमच्या बेडकासारखीच आहे की. मी पेपर त्याच्या अंगावर टाकला आणि चहा न पिता उठलो. तू असतास तर नाचला असतास की तोंड फुगवून बसला असतास, हे मला ठरवता येत नव्हतं. आणि विचारायला कुणी नाही, याचा असा काही संताप आला की शेडमध्ये येऊन मी उगीच एका पोरावर खेकसलो.

मग गेल्या आठवड्यात आबा आले. एकटे, एसटीनं, काठी टेकत. वहिनी त्यांना घेऊन शेडमध्ये आल्या. आबा गाडीभोवती फिरले, ताडपत्री बाजूला करून आत बघितलं आणि विचारलं की हिचं दार कुठाय. मी सगळं सांगितलं. तुझं म्हणणं, माझं म्हणणं, काठी, बिजागरी, पाऊस. दार तयार होऊन भिंतीला टेकून उभं होतं, भोकं तेवढी पाडायची राहिली होती. आबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुमी दोघं इतकं दिस माझ्या दारावरनं भांडत व्हता, आनि मला कुनी इचारलं न्हाई," ते म्हणाले. "मी कशाला मागं बसतोय? निजून रस्ता दिसत न्हाई. मी फुडं बसनार."

वहिनी हसल्या. तू गेल्यापासून पहिल्यांदा, आणि हसता हसता त्यांचं रडणं सुरू झालं, ते बराच वेळ थांबलं नाही. आबा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. मी ड्रिल हातात घेऊन नुसता उभा. छताच्या कडेला खूण केली होती, तिथं टोक लावलं की हात मागं यायचा. एकदा भोक पडलं की तुझ्या बाजूनं बोलायला जागाच राहणार नव्हती.

वहिनींनी डोळे पुसले. "पाडा भोकं, भावजी," त्या म्हणाल्या. "ते असते तर अजून दोन वर्षं दार लागलं नसतं. मला गाडी उघडी बघवत नाही आता."

मी पाडली. वर उघडणारं दार बसवलं. तुला ते आवडलेलं नाही, माहीत आहे.

काल आबांना गावी सोडायला निघालो. कागदावर ती अजून माझी जुनी जीपच आहे, त्यामुळं रस्त्यात कुणी अडवलं नाही, बघणारे मात्र सगळे बघत होते. आबा पुढं, वहिनी मागच्या बाकावर. कराड ओलांडलं आणि दार वाजायला लागलं. टक टक, मग थांबायचं, मग पुन्हा. मी कडेला घेऊन बिजागऱ्या आवळल्या. थोडं गेलो, पुन्हा तेच. कडीत चिंधी कोंबली. वहिनी मागं बसून हातानं दार दाबून धरत होत्या, तरी वाजत होतं. आबा म्हणाले, वाजू दे रं. मला ते वाजू द्यायचं नव्हतं. वडूजला पोचेपर्यंत मी पुन्हा पुन्हा उतरलो, दाराला कान लावला, छताला लावला, खाली आडवा होऊन चासीला लावला.

आज सकाळी शेडमध्ये दार पुन्हा काढलंय, आणि दाराशिवाय एक चक्कर मारून आलो तरी टक टक आहेच. आवाज दाराचा नाहीये, दिनकर. दुसरीकडूनच कुठून तरी येतोय, आणि मला तो सापडत नाहीये.